शीतलचा उजवा कान

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणीला नाही — आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे कारण काही फार धीटपणाचं नाही, माहीत आहे मला.

मराठीत लिहितेय, त्यालाही कारण आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. चाकणच्या कंपनीत मी सेफ्टी विभागात आहे आणि दिवसभर इंग्रजीत रिपोर्ट लिहिते — कोणाचं बोट मशीनमध्ये सापडलं, कोणाच्या डोळ्यात कण गेला. त्या रिपोर्टात कोणी काही केलेलं नसतं. सगळं आपोआप घडलेलं असतं. हेही मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तसंच गुळगुळीत झालं असतं, आणि मी पुन्हा एकदा सुटले असते. आता सुटायचाही कंटाळा आलाय.

शीतल माझी चुलत बहीण. काका-काकू चाकणजवळ गावातच राहिले, आम्ही बाबांच्या नोकरीमुळे चिंचवडला आलो. शीतलला चिंचवडच्या एका बालवाडीत नोकरी लागली तेव्हा ती आमच्याकडे राहायला आली. माझ्याच खोलीत. ती बोलायला लागली की थांबत नाही, आणि मी — मला दुकानात सुटे पैसे मागायचे असले तरी आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. ती मला 'मॅडम' म्हणते. चिडवायला म्हणते, पण तिच्या तोंडी ते मला कधी टोचलं नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. शीतलचा डावा कान लहानपणी सारखा वाहायचा. पुढे त्याचा पडदा गेला. तिला ऐकू येतं ते सगळं उजव्या कानाने. रस्त्याने चालताना ती नेहमी माझ्या डाव्या बाजूला यायची, म्हणजे मी तिच्या उजवीकडे राहायचे. आमच्यात त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. तशीच सवय पडली होती.

ढोल पथकात जायचं हे तिचंच डोकं. आमच्या भागातलं पथक, मोशीच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर पत्र्याची शेड, संध्याकाळी शिफ्ट सुटली की मुलं-मुली तिथे जमायची. मी तिच्यामागून ओढली गेले. मला मागच्या रांगेत एक ढोल मिळाला, आणि खरं सांगते, मला ते आवडलं. ढोल वाजवताना बोलावं लागत नाही. इतक्या लोकांत असूनही कोणी तुम्हाला काही विचारत नाही.

शीतलने ताशा धरला. ताशा पुढे असतो. सगळे ढोल ताशाच्या इशाऱ्यावर चालतात. आणि त्याचा आवाज — ढोलाचा आवाज पोटात जातो, ताशाचा थेट कानात. तो छातीशी, तोंडाखाली बांधलेला असतो. वाजवणाऱ्यापासून त्याच्या आवाजाला कुठे जायलाच जागा नसते.

काकूला कळलं तेव्हा ती गावाहून तडक आमच्याकडे आली. "ताशा? आगं, एकच कान धड हाय तुझा. त्यो बी घालवायचाय व्हय?"

शीतल हसत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही सेफ्टीत हाय ना. हिला इचार की."

काकू माझ्याकडे वळली. "व्हय गं? तू शिकलेली हायस, तू सांग. काय व्हणार न्हाई ना?"

"नाही होणार काकू," मी म्हणाले. "कानात घालायचं चांगलं मिळतं. मी बघून देते तिला."

काकूने फार विचार केला नाही. "मग जाऊ दे. तू हायस तर मला घोर न्हाई."

हे लिहून झालं आणि मी थोडा वेळ उठून बाल्कनीत जाऊन आले. कारण इथपर्यंतची मी काही वाईट मुलगी नाही. इथपर्यंत माझं सगळं बरोबरच आहे — नाही का?

पथकात तेव्हा सगळे कानात कापूस कोंबायचे. कापसाने काही होत नाही. तो घातल्याचं समाधान तेवढं मिळतं. पथकाचे प्रमुख संदीपदादा एकदा सरावानंतर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सेफ्टीवाल्या ना? सगळ्यांसाठीच बघा की काहीतरी. दर वर्षी विसर्जन झालं की आठवडाभर घरचे मला हाका मारून दमतात, राव."

मी कंपनीतून विचारून नमुने आणले. आधी मोठे, हेडफोनसारखे, दोन्ही कान झाकणारे. आवाज अडवायला चांगले असतात ते. पण मिरवणुकीत डोक्याला फेटा. फेट्यावर ते बसेनात, फेट्याखाली घातले तर फेटा बसेना. एकाने तसेच घालून दोन्ही हात पसरले आणि शेडभर गिरक्या घेतल्या. "हेलिकॉप्टर उडवायचंय का ढोल वाजवायचाय?" सगळे हसले. मीही हसले.

मग नारिंगी फोमचे, दोरीवाले. त्यांना मुलींनी नाही म्हटलं. "ही दोरी फोटोत इअरफोन दिसते गं. लोक म्हणतील, ह्या पोरी गाणी ऐकत वाजवतायत." हेही खरंच होतं. पण बिनदोरीचे फोमचेही मिळतात, आणि ते मला माहीत होतं.

फोमच्या बोळ्याचं असं असतं — तो बोटांत दाबून बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. नुसता कानात अडकवला तर काही उपयोग नाही. म्हणजे ते वाटून चालत नाही. कोणाला तरी सगळ्यांपुढे उभं राहून दाखवावं लागतं. आणि दाखवणारी मीच असणार होते.

मला ते जमणार नव्हतं. इतक्या माणसांपुढे, माझ्या अडखळणाऱ्या मराठीत, स्वतःचा कान ओढत उभं राहायचं होतं. म्हणून मी असं काही शोधायला लागले, जे दाखवावं लागणार नाही. एवढंच. माझी निवड इथे झाली — आवाज किती अडतो यावर नाही, मला बोलावं लागेल का यावर.

ऑनलाइन मिळाले. मऊ सिलिकॉनचे, त्वचेच्या रंगाचे, छत्रीसारख्या छोट्या कडा असलेले. नुसते खुपसायचे. दिसतही नाहीत. मी सगळ्यांसाठी मागवले. सरावाला वाटले तेव्हा मुली खूश झाल्या, एकमेकींचे केस बाजूला करून बघायला लागल्या, दिसतायत का म्हणून. संदीपदादांनी सगळ्यांना थांबवून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. "आपल्या सेफ्टी मॅडम!" म्हणाले. त्या दिवसापासून लोक मला ओळखायला लागले. चहाला हाक मारायला लागले. तुम्ही कधी घोळक्याच्या कडेला उभं राहून मोठे झाला असाल, तर तुम्हाला कळेल मला काय मिळालं होतं. तसे झाला नसाल, तर हे कारण तुम्हाला फार किरकोळ वाटेल. किरकोळच आहे.

त्यानंतर काही दिवसांनी कंपनीत प्रेस शॉपसाठी, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मोठ्या मशीनच्या विभागासाठी, नवीन इअरप्लग आले. आमचे सर एक पाकीट उलटं करून मला म्हणाले, "हा आकडा बघायचा आधी. आवाज किती कमी होतो त्याचा असतो. ज्याच्यावर आकडा नाही, ते खेळणं."

संध्याकाळी घरी आले आणि पिशवीतलं उरलेलं पाकीट काढून बघितलं. आकडा नव्हता. पाण्याच्या लाटांचं एक छोटं चित्र होतं. आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं — पोहताना कानात पाणी जाऊ नये म्हणून.

शीतल तेव्हा समोरच होती. पलंगावर बसून उशीवर काड्यांनी सराव करत होती. "काय गं, एवढं काय वाचतेस?" तिने विचारलं. मी पाकीट कपाटात टाकलं.

मी पथकाच्या ग्रुपवर मेसेज टाइप केला होता. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही, नुसतं झालं ते सांगतेय. 'माझ्याकडून चूक झाली, ते बोळे वापरू नका.' एवढंच लिहायचं होतं. लिहिलं, वाचलं, पुसलं. पहिली मिरवणूक दोन-तीन दिवसांवर आली होती. मनात म्हटलं, अगदीच काही अडत नाही असं नाही, थोडाफार आवाज तर अडेलच. म्हटलं, कापसापेक्षा बरे. सगळ्यांपुढे 'सेफ्टी मॅडम'ने पोहण्याचे बोळे वाटले — यावर पुढे वर्षभर काय काय विनोद होतील, तेही मला ऐकू आले.

इथपर्यंतचंही मी कोणाला कधी सांगू शकले असते. चूक झाली, लाजले, गप्प बसले. लोक समजून घेतात असं.

पण मला सांगायचंय ते पुढचं आहे.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डब्यातून मी फोमच्या बोळ्यांची एक जोडी घेतली. बिनदोरीची. माझ्यासाठी. मिरवणुकीच्या दिवशी आम्ही दोघी आमच्या खोलीत नऊवारी नेसून तयार झालो. शीतलने तिचे सिलिकॉनचे बोळे घातले, मान हलवून बघितली, "भारी आहेत, पडत नाहीत," म्हणाली. मी बाथरूममध्ये गेले, दार लावलं, फोम वळला, कान वर ओढला, मोजून तेवढा वेळ बोट धरून उभी राहिले. दोन्ही कान. मग फेटा खाली ओढून घेतला.

एक जोडी घेतली होती. दोन का नाही घेतल्या? डबा भरलेला होता. मी हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता उत्तर देताना मला काही वाटेनासं झालंय. दुसरी जोडी तिला दिली असती तर तिने विचारलं असतं, हे का? आणि शीतलच्या पोटात काही राहत नाही. तिथल्या तिथे ती ओरडली असती, "अय, बघा, हिने आपल्याला पोहायचे दिलेत!" आणि हसली असती. त्यात राग नसता. ती माझ्यावर कधीच रागावत नाही. फक्त हसली असती. त्या हसण्यापासून वाचायला मी तिला तसंच पुढे जाऊ दिलं.

मिरवणूक सुरू झाली आणि माझ्यासाठी आवाज लांब गेला. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी वाजवतंय असं वाटत होतं. मी मागच्या रांगेतून शीतलकडे बघत होते. तिच्या काड्या दिसत होत्या, नीट ऐकू येत नव्हत्या. ती घामाने निथळत होती, ओरडत होती, हसत होती. मधेच थांबून उजवा कान तळहाताने दाबायची आणि पुन्हा वाजवायची. मी ते पाहिलं. त्या दिवशी पाहिलं, आणि पुढच्या प्रत्येक मिरवणुकीत पाहिलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मॅडम, कानात शिट्टी वाजतेय गं. कुकरसारखी. पण कुकरची निदान थांबते."

"सगळ्यांचंच होतं," मी म्हणाले. "दोन दिवसांत जाईल."

माझ्या कानात काही वाजत नव्हतं.

दोन दिवसांत शिट्टी थोडी कमी झाली. मग तिने नवरात्रातल्या सुपाऱ्या घेतल्या — पथकाला वाजवायचं आमंत्रण मिळतं त्याला आमच्याकडे सुपारी म्हणतात. मी कंपनीतल्या कामाचं निमित्त सांगून नवरात्रात गेले नाही. ती एकटी गेली. तेव्हा तरी अडवता आलं असतं. सांगावंही लागलं नसतं खरं कारण. 'कान वाजतोय तर नको जाऊ' — एवढं तर कोणीही म्हणतं.

मग हळूहळू झालं. ती टीव्हीचा आवाज वाढवायला लागली. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची तर उत्तर यायचं नाही. मोठ्या माणसांचं बोलणं तिला बरंचसं कळायचं. जाड आवाज कळायचे. गेले ते बारीक, पातळ आवाज. आणि तिची नोकरी बालवाडीतली. लहान मुलांचे आवाज कसे असतात, तुम्हाला माहीतच आहे.

पोरं 'टीचर, टीचर' करत तिची ओढणी ओढायला लागली. एकदा एक मुलगा तिच्या मागे उभा राहून शू लागली म्हणून सांगत होता, आणि तिने वळून पाहिलंच नाही. त्याने चड्डीत केली. बाकीची मुलं हसली. त्याची आई येऊन बोलली, जे बोलायचं ते सगळं बोलली. शीतल त्या दिवशी घरी आली आणि पहिल्यांदाच काही न बोलता झोपून गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर बालवाडीच्या बाईंनी तिला वर्गातून काढून खाऊच्या डब्यांच्या कामावर लावलं. चांगुलपणानेच लावलं. थोड्या दिवसांनी तिने ते सोडलं. "डबे काय, कोणीबी पुसंल," म्हणाली.

पथकातही कळलं. संदीपदादा म्हणाले, "बाकी कोणाला नाही झालं एवढं. तिने मधेमधे काढून ठेवले असणार. फोटो काढताना, पाणी पिताना. सांगून ऐकत नाही ती." एकच धड कान असलेली तिथे ती एकटीच होती, आणि ताशाजवळ सगळ्यात जास्त वेळ तीच उभी होती, हे त्यांना सुचलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. 'हो' अशी हलवली. तिने ते एकदाही काढले नव्हते. एकदाही. मी दिले होते म्हणून.

कानाच्या डॉक्टरांकडे मीच तिला घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. मग डॉक्टरबाई मास्क लावून कॉम्प्युटरवरचा आलेख बघत बसल्या होत्या. शीतल आता माणसाच्या ओठांकडे बघून निम्मं समजून घेते, आणि मास्कमुळे तिला तेही मिळत नव्हतं. डॉक्टरांनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "वाजवताना कानात काय घालत होत्या? कुठल्या प्रकारचे?"

"फोमचे," मी म्हणाले. "कंपनीत वापरतात ते."

माझ्यापुरतं ते खरंच होतं.

"मग नीट बसले नसतील," डॉक्टर म्हणाल्या आणि टाइप करायला लागल्या.

शीतलने माझा हात हलवला. "काय म्हणल्या गं?"

मी तिच्याकडे तोंड केलं. तिला नीट दिसावं म्हणून ओठ सावकाश हलवले, हळू आवाजात म्हणाले, "किती वर्षं वाजवतेस, विचारतायत."

ती खुर्चीत पुढे सरकली आणि, स्वतःचा आवाज स्वतःला पुरत नाही म्हणून आताशा बोलते तशी, मोठ्याने म्हणाली, "एकच वर्ष, मॅडम! पण लई वाजवलं!" आणि हसली. डॉक्टरही हसल्या.

तिला ऐकू येत नाही, याचा मी उपयोग करून घेतला. जे मी केलं होतं त्याच्याच आड लपले. याच्या खाली मी कधी गेले असेन असं मला आठवत नाही.

आता तिच्या उजव्या कानात मशीन आहे. बाहेर जाताना घालते. घरात काढून ठेवते, फार वेळ घातलं की डोकं दुखतं म्हणते. ती गावी परत गेली आहे. काकूबरोबर पापड-मसाल्याचं काम करते. मी महिन्यातून कधीतरी रविवारी जाते. तिच्या डाव्या बाजूला बसायचं की उजव्या, याने आता फारसा फरक पडत नाही.

मागच्या वेळी गेले तेव्हा शेजारच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी शीतलच्या कानाची चौकशी केली. काकू कांदा चिरता चिरता म्हणाली, "काय सांगायचं. पर ही होती म्हणून." आणि विळीवरूनच माझ्याकडे मान केली. "हिनं ते बोळे दिल्ते म्हणून तेवढा तरी ऱ्हायला. न्हाईतर समदाच गेला असता. मी हिचे उपकार इसरणार न्हाई."

त्या बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. शीतल भिंतीला टेकून बसली होती, मशीन नव्हतं. आमच्या तिघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. कशाबद्दल चाललंय ते तिला कळत नव्हतं.

"काय गं?" तिने मला विचारलं. "काय म्हणतेय आई?"

"काही नाही," मी म्हणाले. "तुझंच कौतुक चाललंय."

ती खूश झाली. मी पुढ्यातला चहा प्यायले.

ते बोळे पोहण्याचे आहेत हे मला पहिल्या मिरवणुकीच्या आधीपासून माहीत होतं. मी माझे कान वाचवले. तिचा मी तिथे उभी राहून जाताना पाहिला.